पायाखालची माती

पुतणीच्या, संस्कृतीच्या सत्काराला जायचंच नाही, असं रेणुकाने मनाशी ठरवून टाकलं होतं. कारणं तयार होती. लेकाची, कानिफची चाकांची खुर्ची शाळेच्या पटांगणात ढकलत न्यायची म्हणजे त्रास, त्याला फार वेळ ताठ बसवत नाही, वर हवेत गारठा. पण कानिफनेच सकाळी उठल्या उठल्या नवा शर्ट मागितला. ताईचा सत्कार आहे, मला पुढे बसायचंय, म्हणाला. मग काय करणार. शर्टाला इस्त्री करताना तिचा हात कॉलरवर जरा जास्तच वेळ राहिला आणि पिवळा डाग पडला. डाग आतल्या बाजूला होता, कुणाला दिसला नसता. तिला मात्र दिवसभर तोच दिसत राहिला.

रेणुका म्हणजे कोल्हारच्या गोरक्षनाथची, म्हणजे गोरखची बायको. माहेर राहुरीकडचं, शिक्षण बी.ए. या घरात आलेली पहिली पदवीधर सून. सासरे होते तोवर आल्यागेल्याला आवर्जून सांगायचे, धाकली बी.ए. हाय म्हणून. थोरली जाऊ चांगुणा तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत असायची. ती सातवी. तिला त्या बोलण्याचं काही वाटलेलं रेणुकाला कधी दिसलं नाही, आणि तेच तिला बोचायचं. पुढे भाऊ वेगळे झाले, शेत वाटलं गेलं, पण घरं एकाच आवारात राहिली. मध्ये एक अंगण, कडेने शहाबादी फरशीची वाट आणि मधोमध तुळशीभोवती मऊ, पाणी मारलेली माती.

चांगुणेला एकच मुलगी, संस्कृती. रेणुकाला एकच मुलगा, कानिफनाथ. तो मढीच्या कानिफनाथाला केलेल्या नवसाचा, म्हणून ते नाव. मुलगा झाला तेव्हा रेणुकाला वाटलं होतं, आता या अंगणात आपलं पारडं कायमचं जड झालं.

आता कानिफ सतरा वर्षांचा होता आणि संस्कृती डॉक्टर. तीही साधीसुधी नाही. लोणीला एमबीबीएस झाली, मग मुंबईला मेडिसीनची एमडी, मग मेंदू आणि मज्जातंतूंचं त्यापुढचं शिक्षण. आता झालं म्हणावं तर पुण्याला आणखी एक वर्ष. न्यूरोमस्क्युलरची फेलोशिप. स्नायू आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या नसा, एवढ्याच दुखण्यांचं शिक्षण. किराणावाला छगन म्हणाला होता, "डॉक्टरकीचं शिक्षन संपतं का न्हाई कधी? आमची म्हस तेवढ्यात पाच वेतं व्याली." दुकानातली सगळी हसली. रेणुकाही हसली, आणि पोरीचं लग्नाचं वय शाळेतच निघून चाललंय, असं तिनेही त्यात घातलं. घरी येताना तिला जरा बरं वाटत होतं.

सत्काराला पटांगण भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला, फेटा बांधला. मग संस्कृती बोलायला उभी राहिली. पोरगी भाषणात मुरलेली नव्हती. इकडचं तिकडचं बोलली, शिक्षकांचे आभार मानले, आणि मग एकदम म्हणाली, "मी हाच विषय का घेतला असं सगळे विचारतात. माझ्या भावामुळे घेतला. कानिफमुळे."

टाळ्या पडल्या. सगळ्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या. कानिफ लाजून हसला, त्याने मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने उचलून कसाबसा कपाळाला लावला आणि सलाम केला. त्यावर आणखी टाळ्या.

रेणुकाने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या पोराला उभं राहता येत नाही, आणि त्याच्याच पायांवर उभी राहून ही टाळ्या घेते. तिची नजर व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या चांगुणेकडे गेली. चांगुणा पदराने डोळे पुसत होती. पूस, रेणुका मनात म्हणाली, तुला पुसायला काय जातंय.

हे सगळं सुरू झालं ते पोटऱ्यांपासून.

कानिफ पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या पोटऱ्या अशा होत्या की बघणाऱ्याने बघतच राहावं. टणक, भरलेल्या, घोटीव. थोरले दीर आप्पासाहेब, चांगुणेचे मालक, स्वतः तरुणपणी तालमीतले. ते पोराच्या पोटऱ्या चाचपून म्हणायचे, हा यात्रेच्या हगाम्यात शेवटची कुस्ती मारणार. मग काय, रोज तेलाने मालिश, रोज खारीक-बदाम घातलेलं दूध. रेणुका त्याला भर थंडीतही हाफ पँट घालायची. कुणी पाहुणा आला की हाक मारून पाठमोरा उभा करायची. पोरगा पळण्यात मागे पडतो, जिन्यावर दमतो, हे तिच्याही नजरेत आलं होतं, पण जड अंगाच्या पोराचं तसंच असतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

एकदा अंगणात त्याला तेल लावताना चांगुणा शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या पोटरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माज्या पोटी आसा येक आसता तर."

एवढंच. त्यानंतर वर्षभरात कानिफ चालता चालता पडायला लागला.

रेणुकाने ही दोन टोकं एकत्र बांधली आणि अशी गाठ मारली की पुढे ती सुटलीच नाही. बी.ए. असली तरी आईच होती. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती घ्यायची, मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या त्यात घालून पोरावरून उतरायची आणि विस्तवात टाकायची. मिरच्यांचा खाट, ठसका लावणारा धूर, उठला नाही तर नजर खरी. चांगुणा येऊन गेली की रेणुका तुळशीजवळची माती चिमटीने उचलायची. मिरच्या कधी कडक वाळलेल्या असत, कधी सादळलेल्या, त्यामुळे खाट कधी उठे, कधी नुसताच धूर होई. नुसता धूर झालेले दिवसच तेवढे तिच्या लक्षात राहिले. आणि ते तिने पोटात ठेवलं नाही. नळावर बोलली, मंदिराच्या पायरीवर बोलली. हळूहळू आळीतल्या बायका चांगुणा समोरून आली की कडेवरचं लेकरू पदराआड घ्यायला लागल्या.

चांगुणेला कळत नसेल असं नव्हतं. एकदा तर रेणुका माती उचलत असतानाच ती घरातून बाहेर आली होती. बघितलं आणि परत आत गेली. पण त्यानंतर तिने एक नवीनच चाल धरली. रेणुकाकडे यायचं झालं की फरशीच्या वाटेने यायची नाही. स्वतःच्या दारात चप्पल काढायची आणि अनवाणी, तुळशीजवळच्या ओल्या मातीतून यायची. पाचही बोटं उमटायची. याला कोडगेपणा म्हणतात, असं रेणुका गोरखला म्हणाली होती. मुद्दाम ठसे उमटवून जाते, काय करायचं ते कर म्हणते.  गोरख त्यावर उठून मोटर चालू करायला गेला होता.

दुखण्याचं नाव समजलं तेही संस्कृतीमुळेच. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीत घरी आली असताना कानिफ जमिनीवरून उठताना तिला दिसला. आधी ओणवा झाला, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, आपल्याच अंगावर चढत चढत तो उभा राहिला. असंच चित्र तिने पुस्तकात पाहिलं होतं. दोन दिवस ती जेवली नाही. मग तिने बापाला सांगितलं, आणि आप्पासाहेब आणि गोरख पोराला पुण्याला घेऊन गेले. रेणुकाही होती. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी दोघा भावांना आत बोलावलं तेव्हा ती कानिफला लघवीला घेऊन गेली होती. परत आली तर गोरखने एवढंच सांगितलं, स्नायू हळूहळू झिजत जाणार, त्या पोटऱ्या ताकदीच्या नव्हत्या, आजारानेच फुगल्या होत्या. ती दुसऱ्या लेकराचं बोलली तेव्हा मात्र गोरख कधी नव्हे तो ठाम राहिला. आता आहे त्यालाच सांभाळू, म्हणाला.

रेणुकाने सांभाळलं. दहा वर्षं. रात्री कूस बदलायला तीच उठायची, सकाळी अंघोळीला तीच, जेवताना मान जरा पुढे कलली तर ठसका लागतो हे तिलाच ठाऊक. त्याचा श्वास ती भिंतीआडूनही ओळखायची. कामात असली तरी तिचा एक कान कायम त्याच्या खोलीत असायचा. एवढं करून तिचा पोरगा तिला मम्मी म्हणायचा आणि चांगुणेला मोठी आई. त्या मोठी शब्दाचासुद्धा रेणुकाला हेवा वाटायचा. पलीकडच्या घरात वरच्या मजल्यावर संस्कृती झपझप चालली की तो पायांचा आवाज सहन होईना. देवाने एक पोरगी दिली, पण चालणारी दिली.

पुण्याला गेल्यापासून संस्कृतीचे फोन वाढले. दर बुधवारी त्यांच्याकडे स्नायूंच्या आजाराची ओपीडी असते, एकाच जागी फुप्फुसांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, खुर्ची मापाने बनवून देणारे, सगळे बसतात, असं ती सांगायची. वर्ष आहे तोवर कानिफला एकदा आण. तिकडच्या मोठ्या मॅडम बघतील, मीही असेन. जूनअखेर माझं संपेल.

रेणुका हो-हो म्हणायची आणि पुढे ढकलायची. उसाला तोड आली. पाहुणे आले. गोरखची कंबर धरली. खरं कारण तिच्या तिलाच ठाऊक होतं. ही सगळ्या डॉक्टरांपुढे माझ्या पोराचा शर्ट वर करणार, बोट दाखवून समजावणार, आणि सगळे म्हणणार, किती हुशार मुलगी.

माघ महिन्यात एकदा संस्कृतीने फोनवर सरळ विचारलं, सकाळी उठल्यावर कानिफचं डोकं दुखतं का? झोप झाली तरी पेंगतो का?

डोकं दुखत होतं. महिनाभर रोज सकाळी दुखत होतं. रेणुका त्याच्या कपाळाला बाम चोळायची आणि दोन तासांनी ते उतरायचं. हा प्रश्न संस्कृतीने विचारावा आणि तो इतका नेमका असावा, याचाच तिला राग आला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही तसलं."

तिने फोन ठेवला. आपण काय बोललो हे तिला कळत होतं. उद्या परत फोन करून सांगू, असं तिने ठरवलं. उद्या केला नाही. परवाही केला नाही. बामाची बाटली मात्र दुसरी आणली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संस्कृतीने फोन केला तो तिला नाही, गोरखला. येत्या बुधवारी कानिफला घेऊन या, आता टाळू नका. रात्री झोपेत त्याचा श्वास उथळ पडत असणार, हवा पुरती बाहेर जात नाही म्हणून सकाळी डोकं दुखतं. असंच राहिलं तर एखाद्या साध्या खोकल्यानेही प्रकरण हाताबाहेर जाईल.

डोकं दुखतं हे तिला कुणी सांगितलं, असं रेणुकाने विचारलं. कानिफ खुर्चीतून म्हणाला, "मी. मी तिला रोजच मेसेज टाकतो." आणि मग, तिचा चेहरा बघून, "तू काळजी करशील म्हणून तुला रोज सांगत नाही, मम्मी."

रोज. रेणुका स्वयंपाकघरात गेली आणि उगाच डबे पुसत बसली. आपण त्याच्या श्वासावर कान ठेवून बसायचं, आणि त्याने मनातलं तिला सांगायचं.

बुधवारी अंधार असतानाच निघाले. कानिफला गाडीत बसवायला दोन माणसं लागतात, एक काखेत, एक गुडघ्याखाली. गोरखची कंबर खरंच धरली होती. कानिफ म्हणाला, मोठ्या आईला घ्या की. चांगुणा जणू तयारच बसली होती, जेवणाचा डबा बांधून आली. नगर गेलं, सुपा आलं. तिथे कारखान्यांच्या बसेसच्या गर्दीत चहाला थांबले. चांगुणेने बशीत चहा ओतून, फुंकून कानिफला पाजला. रेणुकाने खिडकीकडे तोंड केलं.

दवाखान्यात संस्कृती भेटली ती वेगळीच वाटली. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात रबरी हातोडी. पण रेणुकाला वाटलं होतं तसं काही झालं नाही. तिने शर्ट वर करण्याआधी कानिफला विचारलं. मग ती बाजूला झाली. मोठ्या मॅडम, पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या, त्या बघत होत्या आणि संस्कृती परीक्षेला बसल्यासारखी उभी होती. मॅडम तिला अडवत होत्या. हे बघितलंस का, मान किती उचलतो बघितलंस का, खोकायला सांगितलंस का. दोनदा ती चुकली. दोनदा तिचे कान लाल झाले. रेणुकाला मनातून बरं वाटलं, आणि असं बरं वाटावं याची लाजही.

कानिफला नळीत फुंकायला लावलं. आकडे बघून फुप्फुसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजची रात्र इथे ठेवू, झोपेतला श्वास मोजू, बहुतेक रात्रीपुरतं मास्कचं मशीन लागेल. उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. रेणुकाने खुर्चीचा हात घट्ट धरला. उशीर झालाय, या शब्दांत तिचा फोनवरचा एक 'नाही' होता, आणि तो फक्त तिला आणि संस्कृतीला माहीत होता. संस्कृतीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गोरख कानिफला पुढच्या तपासणीला घेऊन गेला. खोलीत मॅडम, संस्कृती आणि दोघी जावा राहिल्या. मॅडम कागद चाळत म्हणाल्या, "आईची तपासणी कधी झाली होती? हृदयाची?"

माझी कशाला, रेणुका म्हणाली. आजारी तो आहे.

मॅडमनी संस्कृतीकडे बघितलं. संस्कृतीने आपल्या आईकडे. चांगुणा आपल्या चपलांकडे बघत होती. मॅडमना काय ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "घरची माणसं आहेत तुझी. मी सांगते."

"नको मॅडम," संस्कृती म्हणाली. "मीच सांगते."

ती स्टूल ओढून रेणुकासमोर बसली. हातोडी कुठे ठेवावी तिला कळेना, शेवटी मांडीवर ठेवली. म्हणाली, "काकू, हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलात येतो. आईला स्वतःला काही होत नाही, म्हणून तिला कळतही नाही. रिपोर्टवरून तेव्हाच अंदाज होता की तुझ्याकडून आलाय. त्यात तुझी चूक काहीच नाही, डोळ्यांचा रंग येतो तसंच ते. पण अशा बायकांचं हृदय पुढे कधीकधी कमजोर पडतं. तू जिना चढताना थांबतेस, ते मी सत्काराच्या दिवशी बघितलं. कानिफइतकंच मला तुलाही इथं आणायचं होतं. तुला आधीच सांगायला हवं होतं मी."

रेणुकाला आधी काहीच वाटलं नाही. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मग तिला हगाम्याच्या गोष्टी आठवल्या, तेलाची वाटी, हाफ पँट. दुसरं लेकरू नको म्हणणारा गोरख आठवला. आणि मग तिने मान वळवली.

"तुम्हाला माहीत होतं, अक्का."

"व्हय."

"कधीपासून?"

"रिपोट आला तवापून. गोरखनं येऊन सांगितलं. मीच म्हनलं तिला सांगू नका."

"आणि मी गावभर तुमच्या नजरेचं बोलत होते ते?"

"म्हनत हुतीस तर म्हनू दिलं." चांगुणा अजून चपलांकडेच बघत होती. "दुसऱ्याचा राग आला की मानूस कामाला लागतं, रेनुका. सोताचा आला की बसून ऱ्हातं. तू बसली आसतीस तर पोराला कुनी बघितलं आसतं?"

"आणि ती माती? अनवाणी यायचात ते?"

"फरशीवर कुठं गावतीय माती. तुला गावावी म्हनून तर तिकडनं येत हुते."

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. संस्कृती रडत होती, कोटाच्या बाहीने नाक पुसत होती, फेलोशिप वगैरे सगळं विसरून. रेणुका रडली नाही. तिला जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिला हेवा वाटला. सगळ्यात मोठा, आजवर कधी वाटला नव्हता इतका. पोरगी हिची, चालणारे पाय हिचे, आणि आता चांगुलपणाही हिचाच. सातवी शिकलेल्या बाईने दहा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, आणि आपल्या पोटात एक दिवस काही राहत नाही. आपल्यासाठी काहीच ठेवलं नाही हिने, रागसुद्धा काढून घेतला.

हृदयाची तपासणी त्याच दिवशी झाली. आत जाण्याआधी मंगळसूत्र काढायला सांगितलं. गोरख कानिफपाशी होता, आणि त्याच्या हातात काही द्यावं असं रेणुकाला त्या घटकेला वाटतही नव्हतं. त्याच्याशी नंतर घरी दोन दिवस बोलणं बंद राहिलं ते वेगळंच. तिने मंगळसूत्र चांगुणेपुढे धरलं. चांगुणेने ते पिशवीत ठेवलं नाही. पदराच्या टोकात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि परत देईपर्यंत ते टोक मुठीत धरून बसली.

हृदय थोडं थकलेलं निघालं. घाबरण्यासारखं नाही, वेळेत कळलं, रोज गोळ्या घ्यायच्या आणि दर वर्षी दाखवायचं. कानिफला मशीन लागलं. ते घरी आलं तेव्हा पहिल्या रात्री त्याने मास्क दोनदा काढायला लावला, विमान चालवतोय असं वाटतं म्हणाला. आठवड्याने सवय झाली. एका सकाळी रेणुका बाम घेऊन गेली तर त्याने मान हलवून नको म्हटलं. डोकं हलकं होतं. तिने बाटली परत फळीवर ठेवली.

आणि रोज सकाळी अंगणापलीकडून हाक यायची, गोळी घेतली का गं. रेणुका घेतली म्हणायची, पण दात ओठ खाऊन.

चांगुणा आता फरशीवरून यायला लागली. चपला घालून, चटचट वाजवत.

चैत्रात एकदा रेणुका छगनच्या दुकानात उभी होती. शेजारच्या एका म्हातारीने, कानिफचं आता कसं आहे विचारताना, नेहमीसारखं वर जोडलं, त्या थोरलीची नजरच वाईट बाई. रेणुकाने हातातली साखरेची पुडी ठेवून दिली. "नजर कुणाचीच नव्हती," ती म्हणाली. "ते माझ्याकडून आलंय त्याला. माझ्या रक्तातनं. अक्काला उगाच बोलत होते मी."

 छगनने काट्यावर माल तसाच ठेवला. रेणुका बाहेर पडली तेव्हा तिचं हृदय धडधडत होतं, थकलेलं असूनही. खरं बोलल्याचं समाधान होतं म्हणावं तर होतं थोडं. पण खरा आनंद दुसराच होता. एकदा तरी आपण अक्काच्या पुढे गेलो. आता झाली बरोबरी.

ती बरोबरी संध्याकाळपर्यंतच टिकली. बातमी अंगणापलीकडे पोचली आणि चांगुणा तरातरा आली. इतकी रागावलेली तिला रेणुकाने कधी पाहिली नव्हती. घाईत तुळशीजवळूनच आली, आणि दारात चप्पल काढून आत शिरली.

"कुनी सांगितलं हुतं गावात बोलायला?" ती म्हणाली. "तुज्या भनीच्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. राहुरी काय लांब हाय का? त्यांच्यात बी आसंल आसं लोक म्हननार न्हाईत?"

रेणुका भाजी निवडत होती. हिने बहिणीच्या पोरींचाही विचार करून ठेवला होता, दहा वर्षं. पुन्हा तीच जळजळ वर आली. पण या वेळी तिच्याजवळ उत्तर होतं.

"असेलच कदाचित," ती म्हणाली. "म्हणूनच कालच बहिणीला फोन केला. दोघींना घेऊन जूनच्या आत संस्कृतीकडं जायचंय. लग्नाआधी कळलं तर पुढचं बघता येईल. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मला कळायला दहा वर्षं लागली, अक्का. त्या पोरींना लागू देणार नाही मी."

चांगुणेने तोंड उघडलं आणि मिटलं.  रेणुका या घरात आल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं. मग ती म्हणाली, "गोळी घेतली का?"

"घेतली."

"मग बस." आणि गेली. जाताना चप्पल दारातच विसरली. तुळशीजवळच्या ओल्या मातीत पाचही बोटं उमटवत, अनवाणीच गेली.

कानिफ खुर्चीतून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मम्मी, ताजी माती आहे बघ. घेऊन ठेव. गोळ्या संपल्या तर उपयोगी पडेल."

रेणुकाने त्याला गप बस म्हटलं. मग ती उठली, दारातली चप्पल उचलली आणि अंगण ओलांडून द्यायला निघाली. फरशीवरून गेली. मातीतून जायला अजून तिचा जीव धजत नव्हता.